पंधरा मीटर

खाणीची तळी मला लख्ख दिसतात:
हिरवं पाणी, मग पिवळं, मग दुधी निळं,
बांधावर उभा एक ट्रक,
त्याच्या टपावरची शिडी,
शिडीची सावलीसुद्धा.
कंपनीने पैसे मोजलेत त्या सावलीचे.

बोटाने नकाशा पूर्वेला सरकवते
आणि एका सरळ रेषेपाशी
डोंगर मेणासारखा पातळ होतो.
पलीकडे हांकोउमा. पांढरं पाणी.
सात घरं, मातीचं चर्च,
लामा चरतात ती पाणथळ.
दोन बोटं फाकवते:
डाग मोठा होतो, गाव होत नाही.
आणखी फाकवते.
‘या ठिकाणाचे याहून जवळचे चित्र उपलब्ध नाही.’
दार अर्धवट उघडून कुणी सांगावं,
घरात कोणी नाही, तसं.

कालामातल्या खोलीतून आत्याला फोन लावला.
म्हटलं, तिथल्या एका ठिपक्यात पंधरा मीटर मावतात.
सातुर्निना आत्या मोजायला लागली.
म्हणजे मी, कुत्रा, चूल, कुंपण
आणि ओव्हिदियोची बंद पडलेली मोटारसायकल,
मिळून एक?
हो, एक.
रंग कुठला?
सरासरी, मी म्हटलं.

ती बराच वेळ हसली.
मग म्हणाली, पाण्याचा कागद घेऊन एक साहेब आला होता.
नकाशा पसरून म्हणाला,
इथे हिरवं काही दिसत नाही.
आभाळातून लामा हाकणारा माणूस,
आणि बुटांना घोट्यापर्यंत
आमच्याच पाणथळीचा चिखल.

ऑगस्टमध्ये ते उतारावर दगड मांडायला लागले.
पांढरे, पाठीवरून आणलेले.
ओव्हिदियोला गावाचं नाव लिहायचं होतं;
मी हिशेब करून दिला,
एक अक्षर पाऊणशे मीटर.
तेवढे दगड होते.
तेवढे गुडघे नव्हते.
शेवटी लामाच ठरला,
समोरच्या डोंगरावर जुन्यांनी मांडलेत तसा.
त्यांचे लामा खालून येणाऱ्या तांड्यांसाठी.
आमचा कुणासाठी, कुणी विचारलं नाही.
चार पाय झाले, पोट झालं.
मग वारा सुटला, फेर्मिनाबाई आजारी पडल्या,
मान राहून गेली.

दर सोमवारी मी बघते.
कोपऱ्यात तारीख तीच, चार वर्षांपूर्वीची.
गेल्या सोमवारी मात्र तारीख बदललेली,
आणि तपकिरी डागात
एक ठिपका जरासा फिकट.
मीठ असेल. ढगाचा तुकडा असेल.
पोट असेल.

आत्याला सांगितलं.
तिने विचारलं, डोकं दिसतंय का?
नाही.
मग बरोबर आहे, ती म्हणाली,
डोकं अजून मांडलेलं नाही.
आणि कुत्र्यावर ओरडायला
फोन तसाच ठेवून गेली.