तिसऱ्या घराचं कुत्रं

प्रणोती उकेने रात्री पावणेदोनला
कागद माझ्या टेबलावर ठेवला.
पासष्ट हजार पाचशे पस्तीस पोर्ट.
बाविसावं उघडं, त्याच्या आधीची सगळी बंद,
आणि तेविसाव्यापासून शेवटापर्यंत
उत्तरच नाही.
"मॅडम, एकदम टाइट आहे सर्व्हर.
सुरक्षित लिहून टाकू काय?"

परसोडीच्या आयटी पार्कात मे महिना
काचेला बाहेरून नाक लावून उभा होता.
मी मोबाइल उचलला,
ऑफिसचं वायफाय बंद केलं,
पतसंस्थेची साइट उघडली.
आली की.
इतवारीतली तीन मजली इमारत,
मुदत ठेवींचे दर,
सचिव मौंदेकरांचा हसरा फोटो.
"हे पान चारशे त्रेचाळिसातून आलं.
तुझ्या कागदावर तिथे कुणीच राहत नाही."

ती गप्प. मग हळूच,
"काहून असं?"

बाबा वीज मंडळात मीटर वाचायचे.
तांडापेठेत, भर दुपारी,
सगळी दारं लागलेली,
पण कूलरचा पंप चालू,
वाळ्याच्या ताट्यांतून गळलेलं पाणी
नालीपर्यंत पोचलेलं.
ते म्हणत, बाहेरून कुलूप दिसलं तर ते उत्तर आहे,
कुणी नाही, असं घरानंच सांगितलं.
कडी आतून असेल अन् कुणी ओ देत नसेल
तर ते घराबद्दल नाही,
तुह्याबद्दल आहे बापा.

एका गल्लीत तिसऱ्या घरी कुत्रं होतं.
ते भुंकलं की पुढच्या सव्वीस घरांत
कूलरसुद्धा श्वास धरायचे.
वहीत सव्वीस वेळा "घर बंद" लिहिणारा नवा पोरगा
साहेबांच्या शिव्या खायचा.
बाबा दुसऱ्या दिवशी
गल्लीच्या मागच्या तोंडानं शिरत,
सायकल कोपऱ्यावर लावून,
एक घर, मग जरा सावलीत उभं राहणं, मग दुसरं.
कुत्र्याचं सगळ्यात शेवटी.

तर प्रणोती, तेवीस हे ते घर.
टेलनेटचा जुना दरवाजा,
आता तिथून कुणी येत-जात नाही,
म्हणूनच हात लावणारा ओळखू येतो.
एक टकटक,
आणि फायरवॉलने आपला पत्ता लिहून घेतला.
वेळ बघ, एक वाजून बारा मिनिटं, चार सेकंद.
इथे सर्व्हर संपला.
पुढची पासष्ट हजार पाचशे बारा दारं
आपण ठोठावली
एकाच भिंतीवर.

पुन्हा बसलो.
दुसऱ्या लाइनवरून
(परवानगीच्या पत्रात तीही होती, मी दोनदा पाहिलं).
सगळे नाही, चाळीसच नंबर,
पत्ते पिसावेत तसे पिसून,
दोन ठोक्यांच्या मध्ये
चहाचा एक घोट.
अर्ध्यात चहा संपला,
मग नुसताच रिकामा कप तोंडाला लावत राहिले.

ऐंशी उघडं. चारशे त्रेचाळीस उघडं.
तेहतीसशे सहा...
"बापा बापा!" प्रणोती खुर्चीतून उठली.
डेटाबेस. सताड उघडा,
कुणी गच्चीवर पापड टाकून
खालचं दार लोटायला विसरावं तसा.
सगळ्यांच्या ठेवी, सगळ्यांची नावं,
आमच्या शांततेच्या कागदाखाली
झाकलेली.

मौंदेकरांना शिक्का हवा होता,
त्यांना हे वाचून घाम फुटणार.
तरी मी पहिला कागद फाडला नाही.
त्यावर समासात लिहिलं:
१:१२:०४ नंतरच्या ओळी सर्व्हरबद्दल नाहीत.
आमच्याबद्दल आहेत.

बाहेर उजाडायला लागलं होतं.
कुठेतरी तर्री उकळत असेल.
एक नंबर राहिला होता.
प्रणोतीचं बोट एंटरवर,
डोळे माझ्याकडे.
ठोक, म्हटलं.

भुंकलं.