टोकन

दंडावर मार्करने लिहिलेला आकडा: ६१४.
मिरामारच्या वाळूत मी, बेचाळिसाव्या वर्षी,
आणि समुद्र असा, की रापणकारांनीही
होड्या वर माडांपर्यंत ओढलेल्या.
कर्ण्यावरून कुणी म्हणालं, पोहणं होणार.
रद्द होऊ दे म्हणून शांतादुर्गेला घातलेलं गाऱ्हाणं
मी गुपचूप परत घेतलं.

पिवळा बोया लाटेआड गेला की
उरायचा फक्त कयाकमधल्या इनासचा आवाज:
"बाये, उजवीकडे! उजवीकडे गो!"
तोंडात मीठ, डिझेल, एकदा कुणाची तरी टाच.

मग नव्वद किलोमीटर, भाच्याच्या सायकलवर.
दोना पावलाच्या उताराला वारा असा आडवा
की ब्रेक दाबावा की देवाचं नाव घ्यावं कळेना.
दोन्ही केलं.
बांबोळीला चेन पडली.

मग धावणं. म्हणजे, धावणं म्हणायचं.
चौदाव्या किलोमीटरनंतर
फोड कुठला, मोजा कुठला, समजेनासं झालं.
एका पोदेराने भोंगा वाजवला, पों पों,
माझ्यासाठी की पावांसाठी, विचारलं नाही.

पोचले तेव्हा कमान उतरवत होते.
एका मुलीने खोक्यात चाचपून पदक काढलं,
ओढणीला पुसलं, म्हणाली,
"वाकू नका, मीच टाचा उंचावते."

सोमवारी, म्हापशाची शाखा, पेन्शनचा काउंटर.
बाहीखालून आकडा डोकावला;
साबणाने जात नाही, खोबरेलानेही नाही.
धुमेकाका चष्मा सारून म्हणाले,
"सहाशे चौदा? माझं टोकन त्र्याऐंशी.
तुमची पाळी अजून लांब आहे की!"

"येऊन गेली," मी म्हटलं.
"सही करा. इथे."