सात चाळीस

कार्डिओग्रामची रेघ सरळमार्गी निघाली.
दुर्बीण घशातून उतरली, वर आली, म्हणाली, ठीकठाक.
मग डॉक्टर बाकलीवालांनी नाकातून एक तार सोडली,
गालावर चिकटपट्टी, कमरेला डबी,
डबीवर एक बटण.
"जळजळलं की दाबा. वहीत वेळ लिहा.
बाकी रोजच्यासारखं जगा, बाई. पथ्य करू नका,
नाहीतर आजार लाजेल."

रोजच्यासारखं म्हणजे
पोहे, वर शेव, चिमूटभर जिरावन. बटण.
दुपारी आडवी झाले. बटण.
टिळकनगरच्या भाजीवाल्यानं विचारलं,
"भाभी, ये नाक में क्या?"
म्हटलं, "चुगलीखोर."

संध्याकाळी पुराणिक नवराबायको आले.
मी आत चहा गाळत होते.
बाहेर अच्युत सांगत होता,
"हिचं काही नसतं हो. तीस वर्षं बघतोय.
घाबरायला निमित्त लागतं फक्त."
हसले सगळे. पुराणिकबाई जरा कमी.
वहीत लिहिलं:
७.४०. खाल्लं: काही नाही. स्थिती: उभी.

रात्री हट्टानं सराफ्यात गेले.
सोन्याची दुकानं शटर ओढून झोपलेली,
त्यांच्याच पायऱ्यांपुढं गराडू तळला जात होता.
तार शालीत झाकून भुट्ट्याचा कीस खाल्ला,
पुराव्यासाठी.
तिथे मात्र काहीच जळलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचं पेन
आलेखाचे डोंगर मोजत गेलं.
"हे खरं. हेही. पहाटे चार दहाला बघा, केवढं चढलंय,
आणि तुम्ही बटणच नाही दाबलं!"
झोपले होते, म्हटलं.
"सवय झालीय तुमच्या अन्ननळीला."
मग पेन मागं आलं, थांबलं.
"आणि इथे, सात चाळीस. दाबलंय तुम्ही,
पण आम्लाचा पत्ता नाही. काय झालं होतं?"
अच्युत भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला,
औषध कंपनीचं, एक अख्खं जठर, गुलाबी.
"चुकून दाबलं असेल," मी म्हणाले.
डॉक्टरांनी तिथे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.
खोडलं नाही.

रोगाला नाव मिळालं.
गोळी उपाशीपोटी, जेवण आठच्या आत,
आणि पलंगाची उशाकडची बाजू वर.
अच्युतनं शेजारच्या बांधकामावरून विटा मागून आणल्या,
धापा टाकत सरकवल्या.

पलंग दोघांचा आहे.
आता रात्रभर तोही
माझ्यासोबत थोडा थोडा पायथ्याकडे घसरतो,
आणि चारच्या सुमारास अंधारातच विचारतो,
"जागी आहेस?"

मी कमरेशी बटण शोधते.