चार नंबरच्या मशीनचं माप

रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढते,
शेवटची बॅच गेलेली, कळांवर बोटांची ऊब अजून,
आणि सातही मशीन चालूच ठेवते.

उदगीरला, नळेगाव रोडला, वेल्डिंगच्या दुकानावर
माझ्या टायपिंग क्लासमध्ये
रात्रभर एका मेलेल्या ताऱ्याचा ठोका शोधला जातो
हे खालच्या हमीदभाईंना सांगितलं.
"मिलता क्या है, मॅडम?"
गुण.
"किराने में चलते?"
नाही चालत.
ते हसले नाहीत. काच वर करून म्हणाले,
"फिर तो हिसाब एकदम पक्का होना."

कामाचा एक तुकडा येतो.
तोच तुकडा आणखी कुणाकडे जातो, कुठे ते कळत नाही.
दोघांचं उत्तर जुळलं की दोघांच्या नावे गुण.
माझी चार नंबर, जिची 'ळ'ची कळ अडकते,
एका तुकड्याला एकोणीस तास घेते.
पलीकडचा चाळीस मिनिटांत मोकळा,
मग बसतो माझी वाट बघत
कुठल्याशा परमुलखातल्या पहाटे.
गुण दोघांना सारखेच.
विजेचं बिल सारखं नाही.

मागच्या साली विश्वंभर बिरादार, हुशार पोरगं, म्हणाला,
"मॅडम, किती राबले ते मशीनच सांगते न्हवं?
मग जरा जास्तीचं सांगायला लावू."
लावलं. आठवडाभर आकडा उतू गेला दुधासारखा.
मला झोप येईना.
मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेत
एकेका वेलांटीचे गुण कापणारी बाई मी.
काढायला लावलं.
पुढे त्यांनीच नियम बदलला:
मशीनच्या तोंडचं ऐकायचं नाही, तुकडा मोजायचा.

वडील सांगायचे, हाळीला इर्जिक असली
की एकाच्या रानात अठरा औतं उतरायची.
सांजेला पंगत, पोळी, गुळवणी,
थकल्या बैलाच्या धन्यालाही तेवढंच तूप.
मी विचारलं होतं,
मग ज्यानं जास्त नांगरलं त्याचं काय?
बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
"त्याचं नाव निघायचं. दुसऱ्या दिवशी, पारावर."
थकल्या बैलवाल्याचं निघायचं का,
हे विचारायचं राहून गेलं.

पोळ्याच्या आधी डीपी जळाली. तीन दिवस अंधार.
चार नंबर त्र्याण्णव टक्क्यांवर होती.
लाईट आली तेव्हा मुदत टळलेली,
तिसऱ्याच कुणी तुकडा पुरा केलेला.
अठरा तास. गुण शून्य.

वाईट वाटलं, आणि वाटल्याची लाज वाटली.
फुकटच्या कामाचं कुणी रडतं का?
पण पगाराच्या कामाला भांडायला कचेरी असते,
युनियन असते, तारीख पडते.
फुकट दिलेल्याला माप तेवढं असतं.
आणि तेच खोटं निघालं तर
दिलं काय अन् सांडलं काय.

अर्ज टाईप केला, समास सोडून, नीट परिच्छेद पाडून:
महोदय, जास्तीचं काही मागत नाही.
मधेच तुटलेल्या कामाची
तुटली तिथवर नोंद ठेवावी.
गुण नकोत. नोंद.
उत्तर यायचंय.

काल हमीदभाई वर आले, खांद्यावर ट्रॅक्टरची बॅटरी,
हातात वायरीचं भेंडोळं.
"रात को मेरे पास पडीच रहती. लगा लेव तुम्हारे चार नंबर को."
रात्री दोनदा लाईट गेली. मशीन बंद पडली नाही.
सकाळी उत्तर जुळलं, गुण आले,
माझ्या नावावर.
त्यांचं नाव कुठं लिहावं म्हणून पडदा वरखाली केला.
तसा रकानाच नाही.

हजेरीपटाच्या मागच्या पानावर
पेन्सिलीनं रेघ मारली, आणि लिहिलं:
हमीदभाई, बॅटरी, अकरा तास.