बर्फ आहे तोवर

कुह्मो गावात नोव्हेंबरपासून
सगळेच घसरखुर्ची ढकलतात:
पुढे लाकडी बैठक, खाली दोन लांब लोखंडी पट्ट्या,
एक पाय पट्टीवर, दुसरा मागे रेटायला.
बैठकीवर दूध, राईचा पाव, कुणाचं नातवंड.
त्यांच्यात मीही, दांडा घट्ट धरून.
मी दांडा धरलाय की दांड्यानं मला,
हे विचारायचं कुणाला कारण पडत नाही.

पहिल्या खेपेला बोटांनी दगा दिला.
एकवीस वर्षं टपाल वाटलं मी.
एके दिवशी दोन पाकिटं एकमेकांना चिकटून गेली
आणि बोटांना पत्ताच लागला नाही.
संध्याकाळी ताइस्तो दारात, टोपी हातात:
"हिल्क्का, हे केम्पाइनेनबाईंचं, माझ्याकडे आलं."
मी हसले. थकवा म्हटलं.
पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला.
नंतर तर मोजे काढल्यावरही
पायांत मोजे उरू लागले.

काजानीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी
नादकाटा वाजवून घोट्याच्या हाडावर टेकवला.
"थरथर थांबली की सांगा."
मी वाट पाहिली. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.
"सुरू कधी झाली?"

तेव्हापासून दर चौथ्या आठवड्याला
नर्स माय्या बाटली टांगते, सहा तासांची.
हजारो माणसांच्या रक्तातून गाळलेलं काहीतरी
थेंब थेंब माझ्यात.
पाठवणाऱ्याचं नाव नाही, पोच द्यायची सोय नाही.
इतकं निनावी टपाल
मी कधी एका दारात टाकलं नव्हतं.
दोन दिवस डोकं ठणकतं. मग बटणं लागतात.
मग सुई ओवते. मग, खुळी मी,
चौदा बटणांचा कोट विकत घेते.

बरी झालीस, म्हणतात सगळे. असतेच बरी.
मुदत तेवढी ठाऊक नसते.

या वेळी उजव्या अंगठ्यापासून.
ओळखीचा पाहुणा, जोडे न काढता आत येणारा.
कुणाला सांगितलं नाही. बर्फ होतं ना.
मी खुर्ची ढकलत राहिले, जरा हळू.
घसरत्या गावात हळू माणूस उठून दिसत नाही.

आज वळचणीतून पाणी गळतंय.
रस्त्याच्या मधोमध काळं डांबर उघडं पडलंय.
एकेक खुर्ची शेडमध्ये गेली,
माझी अंगणात तशीच, पट्ट्या चिखलात.
ताइस्तो कुंपणापाशी येऊन उभा राहिला, बराच वेळ;
इथली माणसं बोलण्याआधी घेतात तेवढा.
मग म्हणाला, "चाकांची एक गाडी आहे. आईची होती.
ब्रेकला तेल घालून ठेवलंय. डिसेंबरातच."

डिसेंबरात.
म्हणजे मी स्वतःशी कबूल करण्याच्या
तीन आठवडे आधी.

"बर्फात रेघ उमटायची," तो म्हणाला,
"तुझ्या उजव्या पायाची. माझ्या दारावरून जाताना."

मी आत गेले. किटली ठेवली.
एक कप काढला, दोन्ही हातांनी.
मग दुसरा.