पाठमोरी

सोळा वर्षं मी अल्हाटबाईंना
पाठीमागूनच पाहत आले.
ऐरोलीत, शाळेच्या हॉलमध्ये
रविवारी आमची उपासना भरते.
फळ्यावर शनिवारचे अपूर्णांक, पुसायचे राहिलेले,
आणि पुढून तिसऱ्या बाकावर
त्यांचा घट्ट अंबाडा, पांढरी साडी, ताठ मान.

त्या प्रार्थनेला उभ्या राहिल्या की
शब्द कसे निघायचे,
कपाटातल्या चादरींसारखे, घडीवर घडी, कडेला कड.
मी डोळे मिटून एकच मागायचे:
प्रभू, मला यांच्यासारखी कर.
(माझ्या घरी तेव्हा रोजची भांडणं होती. असो.)

नाताळच्या आधी त्या न्हाणीघरात घसरल्या.
खुबा मोडला.
मंडळीनं पाळ्या लावल्या, मंगळवार-शुक्रवार माझे.
डबा घेऊन तीन जिने चढले
आणि बेल दाबण्याआधी पदर सारखा केला,
वेदीपुढे जावं तशी.

"उशीर झाला," आतून आवाज.
मग: "त्या उबाळेंच्या आमटीत मीठ नव्हतं.
तुझ्या आमटीत आहे ना?"

अल्हाटबाई दुधाच्या पिशव्या धुऊन
खिडकीच्या गजांना वाळत घालतात,
कामवाली गेली की चमचे मोजतात.
राहुरीच्या सख्ख्या बहिणीशी
अकरा वर्षं अबोला,
एका शिवणयंत्रावरून.
रात्री दुखायला लागलं की
घडीच्या चादरी कुठल्या कुठे जातात,
छताकडे बघून म्हणतात, "बस झालं आता. ऐकतोयस का?"
उधारी थकवणाऱ्याच्या दारात उभं राहून
बोलावं, तसं.

मला रागच आला.
सोळा वर्षांचे पैसे कुणी परत द्यावेत
असं काहीतरी वाटत होतं.

खाडीपुलावरून रोहित पक्षी दिसतात
ते नुसती गुलाबी रेघ.
एकदा भाच्याला घेऊन बोटीनं जवळ गेले:
चिखल, कुबट वास, कलकलाट,
एकजण दुसऱ्याला चोचीनं ढकलतोय.
मी नाकाला रुमाल लावला.
भाचा मात्र उभाच राहिला बोटीत, ओरडला,
"मावशी, हे तर खरेच पक्षी आहेत!"

सहाव्या की सातव्या शुक्रवारी बाई म्हणाल्या,
"मला वाटायचं, मागच्या बाकावरची ती सोशिक पोरगी.
कशी शांत बसते, देवाची माणूस.
तू तर डब्याचं झाकण आपटतेस."
आणि हसल्या. पुढचे दोन दात नाहीत,
पाठीमागून ते कधी दिसलेच नव्हते.

त्या रात्री झोप लागेना.
पाठ झालेली स्तोत्रं, भिंतीवरचं कॅलेंडर,
त्यातला निळ्या डोळ्यांचा, केस विंचरलेला तो.
त्यालाही मी इतकी वर्षं
पाठमोराच तर पाहत नाही ना?
त्यालाही कधी मीठ कमी लागलं असेल,
मित्र झोपून गेले म्हणून राग आला असेल.
तो वळला, तर मी ओळखीन?
की म्हणेन, माफ करा, मी दुसऱ्याच कुणाला शोधत होते?

काल त्यांची नखं कापली.
पायाची, वाकडी, पिवळट, शिंपल्यासारखी जाड.
आधी घमेल्यात पाय भिजवावे लागतात.
मी फरशीवर बसले, टाच तळहातावर घेतली,
भेगांमध्ये कुठल्या कुठल्या गावांची माती.
"पाणी फार गरम आहे," त्या म्हणाल्या.
मी थोडं गार ओतलं.
"आता फार गार."

मंगळवारी राहुरीचा नंबर मीच लावला होता.
एक रिंग गेली आणि त्यांनी हात पुढे करून तोडला.
उद्या परत लावीन.
चिडतील.

आता मी, मला यांच्यासारखी कर, म्हणत नाही.
नाव घेते फक्त.
प्रभू, अल्हाटबाई, म्हणते,
आणि तेवढ्यात आमटीत मीठ पडलं की नाही
ते आठवतं.