पावाची गाडी

ओलावारियाच्या अलीकडे, जिथे रस्ता सरळ जाऊन जाऊन कंटाळतो,
तिथे एलिसेओ बेर्तोलोत्तीचं गॅरेज होतं.
मी त्याच्याकडे पत्रा ठोकायला शिकत होतो.
वय सोळा, नखांत ग्रीस, झोपेतही कानात हातोडी.

जुलैतली सकाळ. गवतावर हिम कडक झालेलं.
एर्मेलिंदा सुबिरी आपली पावाची गाडी घेऊन आली.
डबडं होतं नुसतं: मागे लाकडी पेटी, वर पत्र्याचं छप्पर,
कुशीवर फिकट अक्षरांत ‘सुबिरी आणि पत्नी’.
त्यातला सुबिरी जाऊन अकरा वर्षं झालेली.
बॉनेट उघडायचा फक्त तिचा दीर, तोही मार्चात गेला.

“तळ सडलाय,” म्हणाली. “पाव खाली पडतात.
मागे कुत्री धावतात, मला वाटतं गिऱ्हाइकं.”

आम्ही तळ उचकटला
आणि एलिसेओ शिट्टी वाजवायचा थांबला.

“दिवा आण.” आणला.
“इथे धर.” धरला.
लोखंडाच्या लांब कण्यात ओळीनं गोल भोकं,
वजन कमी व्हावं म्हणून कुणीतरी मोजून पाडलेली.
पाववाल्याला वजनाची एवढी काळजी कशाला?
चाकाच्या मधोमध एकच नट, दोन कानांचं,
हातोडीच्या फटक्यासरशी सुटणारं,
थांबायला सवड नसलेल्या माणसांसाठी केलेलं.

त्यानं अंगठ्याला थुंकी लावून आडवी पट्टी घासली.
पांढरा निघाला. त्याखाली हिरवा. त्याखाली विटकरी.
मग लाल.
लालावर चार आकडे, हातानं ठोकलेले,
तिसरा जरासा कलता, जणू ठोकणाऱ्याला कुणी हाक मारली होती.

एलिसेओ तेलाच्या पिंपावर बसला.
“मी नऊ वर्षांचा. बापाच्या खांद्यावर.
आधी धूळ आली, मग आवाज, मग काहीच नाही.
ते जे ‘काहीच नाही’ होतं ना, पोरा,
ते हे.”

पुढे युद्ध लागलं असेल, टायर मिळेनासे झाले असतील,
कुण्या लोहारानं तिच्यावर ही पेटी चढवली असेल.
लपवली म्हणा, जगवली म्हणा.
नागडी राहिली असती तर केव्हाच भंगारात गेली असती.

मग राजधानीतून माणसं आली. मग तोरिनोहून, पातळ हातमोजे घालून.
तिला हात लावण्याआधी ते श्वास धरायचे.
त्यांनी आकडा सांगितला तेव्हा एर्मेलिंदानं तो पुन्हा विचारला,
आणि पुन्हा ऐकून पदराऐवजी एप्रनला हात पुसले.

“पळणारी म्हणे! मला सांगता?
तीस वर्षं मी हिला दुसऱ्या गिअरच्या पुढे जाऊ दिलं नाही.
दर दाराशी उभी राहिली की थरथरायची.
मला वाटायचं, थंडी.”

विकली तिनं. एकच अट: वरची पेटी माझी.
चौघांनी खांद्यावर घेऊन ती तिच्या अंगणात नेली,
आत काहीच नसल्यामुळे चालताना ढोलासारखी वाजत होती.
निलगिरीखाली ठेवली. महिन्याभरात कोंबड्या राहायला आल्या.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं.
मालट्रक यायच्या आदल्या संध्याकाळी
एलिसेओनं उघड्या कण्यावर एक फळी बांधली, वर घोंगडी.
आठ सिलिंडर, त्यातले पाच बोलत होते.
“बसा, बाई.”
ती बसली, स्कार्फची गाठ आवळली,
आणि तिसरा गिअर कुठे असतो ते विचारलं.

धान्याच्या कोठारांपर्यंत आम्हाला ती दिसत होती.
सांध्यासांध्यांत तीस वर्षं साचलेलं पीठ
वाऱ्यानं सुटत होतं,
रस्त्यावर पांढरी रेघ उमटत होती.
कुत्री जुन्या सवयीनं मागे धावली,
थोडं धावली,
मग रस्त्याच्या मधोमध उभी राहून
पीठ चाटू लागली.